शाप, वरदान आणि जमाखर्च : पश्चिम किनाऱ्यावरील अणुविजेचा इतिहास

आपल्या शाळांतून निबंधाचे जे थोडे विषय पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिले आहेत, त्यांत ‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा एक होय. विद्यार्थी पहिल्या परिच्छेदात आगगाडी, वीज आणि शस्त्रक्रिया यांचे गुण गातो, दुसऱ्यात हिरोशिमाचे स्मरण करतो आणि तिसऱ्यात सारे काही मानवाच्या हाती आहे असे सांगून मोकळा होतो. शिक्षकही त्याला दहांपैकी सहा गुण देऊन पुढच्या वहीकडे वळतात. अणुशक्तीचा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित समाजाची चर्चाही बहुधा याच तीन परिच्छेदांत संपते.

दोष विद्यार्थ्याचा नाही. प्रश्नाच्या मांडणीचा आहे. शाप आणि वरदान ही दोन्ही एकाच ‘मानवाच्या’ पदरी पडतात असे हा प्रश्न गृहीत धरतो. व्यवहारात तसे क्वचितच घडते. वरदान एकाच्या घरी जाते आणि शापाची वाटणी दुसऱ्याच्या दारात होते. कधी तर तो दुसरा अद्याप जन्मलेलाही नसतो. म्हणून अणुविजेचे हिताहित ठरवावयाचे तर शाप-वरदानाची भाषा बाजूस ठेवून जमाखर्चाची वही उघडावी लागते आणि जमा कोणाच्या नावे पडली, खर्च कोणाच्या नावे, हे पाहावे लागते. आपल्या सह्याद्री आणि सिंधुसागर यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत उत्तरेस तारापूर, दक्षिणेस कैगा आणि मध्ये जैतापूर अशी तीन नावे या वहीत लिहिली गेली आहेत. त्यांच्या आधाराने हा इतिहास थोडक्यात मांडण्याचा येथे विचार आहे.

१

प्रथम मूळ गोष्ट समजून घेतली पाहिजे. अणुवीज केंद्र हे अखेर पाणी उकळण्याचेच साधन आहे. कोळशाच्या केंद्रात भट्टीतील ज्वाला पाण्याची वाफ करते, ती वाफ टर्बाइन फिरविते आणि टर्बाइन वीज निर्माण करते. अणुभट्टीत ज्वालेच्या जागी युरेनियमच्या अणुगर्भांचे विखंडन होते, एवढाच फरक. परंतु हा फरक प्रचंड आहे. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्णपणे विखंडित झाले तर सुमारे पावणेतीन टन उत्तम कोळशाइतकी उष्णता निघते. १,००० मेगावॉटच्या कोळसा केंद्राला वर्षाकाठी चाळीस-पन्नास लाख टन भारतीय कोळसा लागतो, आणि त्या कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्के असते. तेवढ्याच क्षमतेच्या, समृद्ध युरेनियमवर चालणाऱ्या अणुकेंद्राला वर्षाला पंचवीस-तीस टन इंधन पुरते. त्यातून धूर निघत नाही, राखेचे डोंगर उभे राहत नाहीत आणि ज्या वायूमुळे पृथ्वीचे तापमान वाढते आहे तो वायूही भट्टीतून बाहेर पडत नाही.

धोक्याचे मूळही येथेच आहे. आपल्या घरातील चूल विझविली तरी निखारा काही काळ धगधगत राहतो. तद्वत अणुभट्टीतील विखंडन पूर्णपणे थांबविले तरी विखंडनातून निर्माण झालेले किरणोत्सर्गी पदार्थ उष्णता देतच राहतात. भट्टी बंद केल्याच्या क्षणी ही उष्णता पूर्ण सामर्थ्याच्या सहा-सात टक्के असते, काही तासांनी ती एका टक्क्यावर येते, पण तीही अनेक मेगावॉट भरते. हा निखारा सतत पाण्याने थंड ठेवावा लागतो. पाणी थांबले तर इंधन वितळते. २०११ च्या ११ मार्च रोजी जपानमध्ये फुकुशिमा येथे नेमके हेच घडले. भूकंप होताच चालू भट्ट्या शिस्तीने बंद पडल्या. मागून आलेल्या समुद्राच्या लाटेने पाणी फिरविणारी यंत्रे व विजेची साधने बुडविली, आणि विझलेल्या भट्ट्यांतील निखाऱ्याने अनर्थ केला.

२

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील भारताला या शक्तीचे आकर्षण वाटावे हे स्वाभाविक होते. होमी भाभा यांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन झाली, १९४८ मध्ये अणुशक्ती आयोग आणि १९५४ मध्ये अणुशक्ती खाते निर्माण झाले. १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाविषयी जी पहिली जागतिक परिषद भरली तिचे अध्यक्षपद भाभांकडे आले. पुढील वीस वर्षांत सूर्यातील संमीलनाची क्रियाही मानवाच्या ताब्यात येईल, असे भाकित त्यांनी तेथे केले. ते खरे झाले नाही. पण त्या काळाच्या आशावादाची उंची त्यावरून मोजता येते. १९५६ च्या ४ ऑगस्ट रोजी तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही आशिया खंडातील आद्य अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी कार्यान्वित झाली. इंधन ब्रिटनकडून आले होते. उभारणी येथल्या तंत्रज्ञांची होती, आणि नाव पंडित नेहरूंनी ठेवले होते.

भाभांची योजना तीन टप्प्यांची होती. देशात युरेनियम थोडे, पण केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम विपुल. म्हणून पहिल्या टप्प्यात नैसर्गिक युरेनियम व जड पाणी यांवर चालणाऱ्या भट्ट्या, दुसऱ्यात त्यांतून मिळणाऱ्या प्लुटोनियमवर चालणाऱ्या प्रजनक भट्ट्या आणि तिसऱ्यात थोरियमचा उपयोग, असा हा क्रम. त्यामागची दूरदृष्टी आजही मान्य करावी लागते. मात्र दुसऱ्या टप्प्यातील कल्पक्कमच्या मोठ्या प्रजनक भट्टीचा गाभा भरण्यास प्रारंभ झाला तो २०२४ च्या मार्चमध्ये, म्हणजे खाते निर्माण झाल्यावर सत्तर वर्षांनी. १९८० नंतरच्या दशकात इ. स. २००० पर्यंत १०,००० मेगावॉट अणुवीज निर्माण करण्याचे लक्ष्य ठरले होते. प्रत्यक्षात त्या वर्षी क्षमता २,७०० मेगावॉटच्या आसपास होती. आजही देशाच्या एकूण विजेत अणुविजेचा वाटा सुमारे तीन टक्केच आहे. अभिवचन आणि सिद्धी यांच्यातील हे अंतर जमाखर्चाच्या वहीतील पहिली नोंद होय.

३

तारापूर हे नाव मराठी वाचकास अणुभट्टीच्या आधीपासून परिचित आहे. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजीआप्पांच्या सैन्याने पोर्तुगिजांकडून तारापूरचा कोट घेतला आणि त्या हल्ल्यात बाजी भिवराव पडले. त्यानंतर सव्वादोनशे वर्षांनी त्याच किनाऱ्यावर देशाचे पहिले अणुवीज केंद्र उभे राहिले.

स्थळाची निवड विचारपूर्वक झाली होती. मुंबई आणि गुजरात हा देशातील सर्वांत मोठा औद्योगिक पट्टा. पण बंगाल-बिहारच्या कोळशाच्या खाणी तेथून फार दूर. शेकडो कोस रेल्वेने कोळसा वाहून आणण्यापेक्षा अणुवीज परवडेल, हा भाभांचा युक्तिवाद होता. १९६० मध्ये जागतिक निविदा मागविल्या गेल्या, १९६३ मध्ये अमेरिकेशी तीस वर्षांचा करार झाला आणि १९६४ मध्ये जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीस काम मिळाले. भाभा ते पूर्ण झालेले पाहू शकले नाहीत. १९६६ च्या २४ जानेवारीस आल्प्समधील विमान अपघातात त्यांचा अंत झाला. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये प्रत्येकी २१० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांची वीज महाराष्ट्र आणि गुजरात या दोन नव्या राज्यांना मिळू लागली.

जमेच्या बाजूस तारापूरच्या नावे बरेच लिहिता येते. जगात त्या पिढीच्या बहुतेक भट्ट्या कधीच मोडीत निघाल्या असता या दोन भट्ट्यांनी अर्धशतकभर वीज दिली. २०२० मध्ये दुरुस्तीसाठी त्या थांबविण्यात आल्या तेव्हा त्या जगातील सर्वांत जुन्या वीज-भट्ट्यांत गणल्या जात होत्या. या काळात सभोवतालच्या प्रदेशास पारखे व्हावे लागेल असा अपघात तेथे झाला नाही. आपल्या तंत्रज्ञांची पहिली पिढी येथेच तयार झाली.

खर्चाच्या बाजूच्या नोंदीही लक्षपूर्वक वाचण्यासारख्या आहेत. पहिली नोंद परावलंबनाची. समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवावयाचे होते. १९७४ च्या मे महिन्यात पोखरण येथे भारताने अणुस्फोट केला, आणि १९७८ मध्ये अमेरिकेने आपला कायदा बदलला. तेव्हापासून तारापूरच्या इंधनाचा प्रत्येक खेप हा आंतरराष्ट्रीय वादाचा विषय झाला. १९८२ मध्ये फ्रान्सने तो भार घेतला, पुढे चीन व रशिया यांच्याकडूनही इंधन आणावे लागले. दूरच्या कोळशावर अवलंबून राहावे लागू नये म्हणून उभारलेले केंद्र त्याहून दूरच्या राजधान्यांतील निर्णयांवर अवलंबून राहिले.

दुसरी नोंद यंत्रांच्या झिजेची. दुय्यम बाष्पजनित्रांच्या नळ्यांना गळती लागली, आणि १९८० नंतरच्या दशकात प्रत्येक भट्टीची क्षमता २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली. जुन्या यंत्राची दुरुस्ती सर्वत्रच कष्टाची असते. येथे दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला मर्यादित काळच त्या जागी उभे राहता येते, कारण प्रत्येक मिनिटाचा किरणोत्सर्ग त्याच्या नावे मोजून लिहावा लागतो.

तिसरी नोंद शेजाऱ्यांची. पुढे तेथेच ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या उभारल्या गेल्या व त्या २००५ आणि २००६ मध्ये वीज देऊ लागल्या. या भट्ट्या देशी बनावटीच्या. परावलंबनाचा धडा शिकल्याचे ते फळ. पण त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. शेती आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या या माणसांच्या पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अणुभट्टीतील सुमारे एक तृतीयांश उष्णताच विजेत रूपांतरित होते. उरलेली दोन तृतीयांश समुद्राच्या पाण्याबरोबर बाहेर जाते. किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या तक्रारीला एवढा भौतिकशास्त्राचा आधार आहे, हे शहरातील दिव्याखाली वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

४

आता कैग्याकडे वळू. सीमाभागातील आणि गोमंतकातील वाचकांस हे स्थळ दूरचे नाही. कारवारहून काळी नदीच्या काठाने आत गेले की सह्याद्रीच्या दाट अरण्यात, कद्रा धरणाच्या जलाशयाजवळ हे केंद्र लागते. या नदीने आधीच विजेसाठी बरेच दिले होते. वरच्या अंगास सुपा धरणाच्या पाण्यात सुपे हे तालुक्याचे गाव बुडाले व तालुक्याचे ठाणे जोयड्याला हलवावे लागले. त्याच खोऱ्यात अणुकेंद्र येणार असे ठरले तेव्हा तारापूरच्या वेळी जे कोणी विचारले नव्हते ते प्रश्न लोकांनी विचारले.

विचारणाऱ्यांत एक थोर साहित्यिक होते. कन्नड कादंबरीकार, यक्षगानाचे अभ्यासक आणि १९७७ च्या ज्ञानपीठ पुरस्काराचे मानकरी डॉ. शिवराम कारंत यांनी कैग्याविरुद्ध आवाज उठविला, आणि १९८९ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, उत्तर कन्नड जिल्ह्यातून लोकसभेची निवडणूकही लढविली. ते निवडून आले नाहीत. केंद्रही थांबले नाही. परंतु ज्याने आयुष्यभर या मातीतील माणसांची कथा लिहिली त्याला अखेरच्या वर्षांत त्यांच्या वतीने मत मागावेसे वाटले, ही घटना साहित्यसंस्थांनी विसरू नये. साहित्यिकाने विज्ञानात लुडबूड का करावी, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला असेल. पण अरण्याचे, नदीचे आणि पुढच्या पिढीचे काय होईल हा प्रश्न एकट्या पदार्थविज्ञानाचा नाही.

पुढे जे घडले त्याने दोन्ही पक्षांना विचार करावयास लावावा. १९९४ च्या १३ मे रोजी, पहिल्या भट्टीची इमारत बांधली जात असताना, तिच्या आतील काँक्रीट घुमटाचा थर सुटून सुमारे १३० टन काँक्रीट खाली कोसळले. चौदा कामगार जखमी झाले. अपघात झाला तर किरणोत्सर्ग कोंडून ठेवावयाचा तो हाच घुमट. भट्टीत इंधन नव्हते म्हणून संकट तेवढ्यावर थांबले. घुमटाची रचना नव्याने करण्यात आली, काम लांबले आणि कैग्याच्या पहिल्या दोन भट्ट्या २००० साली सुरू झाल्या. पुढे याच पहिल्या भट्टीने १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता वीज देऊन त्या वेळचा जागतिक विक्रम केला. ज्या घुमटाच्या पतनाने देशाची मान खाली गेली त्याच जागी चोवीस वर्षांत तंत्रज्ञांनी ती उंच केली. विरोधकांनी हा विक्रम नाकारू नये आणि समर्थकांनी तो घुमट विसरू नये.

मध्यंतरी २००९ च्या नोव्हेंबरमध्ये कैग्यातील पन्नासाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या तपासणीत ट्रिटियमचे प्रमाण वाढलेले आढळले. शोध घेता पिण्याच्या पाण्याच्या यंत्रात भट्टीतील जड पाणी मिसळले गेल्याचे दिसून आले, आणि ते आतल्याच कोणी तरी मिसळले असावे असा निष्कर्ष निघाला. मोठी यंत्रणा, अनेक पदरी पहारे, आणि धोका आला तो पाण्याच्या पेल्यातून.

या प्रकारची सर्वांत गंभीर घटना मात्र आपल्या किनाऱ्यापासून दूर, गंगेच्या काठी नरोरा येथे घडली. १९९३ च्या ३१ मार्चच्या पहाटे टर्बाइनची दोन पाती तुटली, यंत्र हादरले, हायड्रोजन वायू व तेल यांनी पेट घेतला आणि आगीत विजेच्या तारा जळाल्या. सुमारे सतरा तास केंद्र संपूर्ण अंधारात होते. निखारा थंड ठेवावयाचा तर पाणी हवे, आणि पाणी फिरवावयास वीज नाही. तेव्हा कर्मचारी हाती टॉर्च घेऊन इमारतीवर चढले आणि विखंडन पुन्हा सुरू होऊ नये म्हणून त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडले. आग विझविण्याच्या पंपांनी पाणी पुरविले. किरणोत्सर्ग बाहेर आला नाही. त्या रात्रीचे श्रेय यंत्राचे नव्हते. अंधारात जिना चढणाऱ्या माणसांचे होते.

टर्बाइनचे पाते, काँक्रीटचा थर, पिण्याचे पाणी. अणूच्या गूढ शक्तीने यांपैकी एकही अपघात घडविला नाही. कोणत्याही गिरणीत, कोणत्याही बांधकामावर ज्या चुका होतात त्याच येथे झाल्या. फरक इतकाच की गिरणीतील चुकीचा हिशेब त्या दिवशी पुरा होतो. येथे तो पुरा होण्यास किती काळ लागेल याला मर्यादा नाही.

५

येथे समर्थकांचा एक युक्तिवाद प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो सबळ आहे. कोणती वीज निर्दोष आहे? १९७५ च्या डिसेंबरमध्ये धनबादजवळ चासनाळ्याच्या कोळसा खाणीत पाणी शिरून ३७० हून अधिक कामगार बुडाले. कोळशाच्या धुराने दरवर्षी किती फुप्फुसे निकामी होतात याची गणती वर्तमानपत्रांत येत नाही, कारण ते मरण एका दिवशी, एका ठिकाणी येत नाही. चेर्नोबिल येथे १९८६ च्या एप्रिलमध्ये इतिहासातील सर्वांत मोठा भट्टी-अपघात झाला. तीव्र किरणोत्सर्गाने त्या वर्षी २८ जण मृत्यू पावले आणि बालपणी दूषित दूध प्यालेल्या हजारोंना पुढे थायरॉइड ग्रंथीचा कर्करोग झाला. ही संख्या लहान नाही. तथापि युनिटमागे हिशेब केला तर कोळसा अणूपेक्षा कितीतरी अधिक बळी घेतो, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. सूर्य आणि वारा यांची वीज आता स्वस्त झाली आहे, पण सायंकाळी दिवे लागण्याच्या वेळी सूर्य नसतो. ती वीज साठविण्याची साधने पुरेशी होईपर्यंत रात्रंदिवस चालणारे काही तरी हवेच.

हा युक्तिवाद मान्य करूनही दोन गोष्टी शिल्लक राहतात. फुकुशिमाच्या किरणोत्सर्गाने आरोग्यावर दिसून येईल असा परिणाम झाल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीस आढळले नाही. परंतु दीड लाखाहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली, आणि त्या स्थलांतराच्या हालांनी दोन हजारांहून अधिक माणसे, बहुतेक वृद्ध, मरण पावली. मृत्यूच्या कारणात ‘किरणोत्सर्ग’ हा शब्द नाही म्हणून वहीतून ती नोंद खोडता येत नाही. विरळ वस्तीच्या प्रदेशात जे झाले ते आपल्या दाट वस्तीच्या किनाऱ्यावर कसे होईल, हा विचार प्रत्येकाने आपल्याशी करावा.

दुसरी गोष्ट काळाची. भट्टीतून काढलेल्या इंधनातील किरणोत्सर्गी आयोडीनचे अर्धायुष्य आठ दिवसांचे, सिझियमचे तीस वर्षांचे आणि प्लुटोनियम-२३९ चे चोवीस हजार वर्षांचे. आपल्या योजनेत प्लुटोनियम हे पुढील टप्प्याचे इंधन आहे, त्यामुळे वापरलेले इंधन फेकून न देता त्यातून ते वेगळे काढले जाते. उरलेला जहाल अवशेष काचेत बांधून ठेवण्याचा कारखाना तारापूरलाच आहे. हा मार्ग शहाणपणाचा असला तरी त्याने काळाचा प्रश्न लहान होतो, नाहीसा होत नाही. फिनलंडने ओल्किलुओतो येथे खडकात चारशे मीटरहून अधिक खोल भुयार खोदून कायमच्या दफनाची सिद्धता केली. तेथे आणि अन्यत्र शास्त्रज्ञांना एक विचित्र प्रश्न पडला : येथे खणू नका, ही सूचना कोणत्या भाषेत लिहावी?

हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांनी क्षणभर मनात घोळवावा. मराठीचा शिलालेखांतून ज्ञात असलेला इतिहास सुमारे एक हजार वर्षांचा. नाशिक आणि कार्ले येथील लेणी दोन हजार वर्षांची. त्यांतील ब्राह्मी लिपी आपल्याच भूमीत शतकानुशतके कोणाला वाचता येत नव्हती, आणि त्या लेखांना लोक पांडवांची करणी समजत. दोन हजार वर्षांत आपलाच मजकूर आपल्याला परका झाला. त्याच्या अनेक पटींनी लांब काळासाठी आपण आज ठेव पुरीत आहो, आणि ज्यांच्या नावे ती पुरीत आहो त्यांची संमती घेण्याची सोय नाही.

६

भावी पिढीची संमती घेता येत नाही हे खरे. पण आजच्या शेजाऱ्याची तरी घेतली गेली काय? येथे इतिहासाचे उत्तर समाधानकारक नाही. तारापूरच्या वेळी कोणी विचारले नाही. कैग्याच्या वेळी लोकांनी विचारले, पण ऐकले गेले नाही. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरजवळ माडबन येथे ९,९०० मेगावॉटच्या केंद्राची योजना आली तेव्हा फुकुशिमाच्या घटनेनंतर काही आठवड्यांतच, २०११ च्या एप्रिलमध्ये, साखरी नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा प्राण गेला. वीज निर्माण होण्यापूर्वीच खर्चाच्या बाजूस ही नोंद पडली.

या अविश्वासाचे मूळ गुप्ततेत आहे. अणुशक्तीचा जन्म युद्धात झाला आणि युद्धाची सवय तिने शांततेतही सोडली नाही. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधील विंडस्केल येथे प्लुटोनियम निर्माण करणाऱ्या भट्टीला आग लागली व सभोवतालच्या सुमारे पाचशे चौरस किलोमीटर प्रदेशातील दूध ओतून द्यावे लागले. त्या आगीचा संपूर्ण अहवाल लोकांसमोर आला तो तीस वर्षांनी. आपल्याकडे १९६२ च्या अणुशक्ती कायद्याने माहिती रोखून धरण्याचा व्यापक अधिकार सरकारला दिला. सुरक्षेवर देखरेख ठेवण्यासाठी १९८३ मध्ये अणुशक्ती नियामक मंडळ स्थापन झाले खरे; पण ते ज्यांच्यावर देखरेख ठेवावयाची त्यांच्याच अखत्यारीत राहिले, आणि या गोष्टीवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१२ मध्ये बोट ठेवले. १९९५ साली या मंडळाने देशातील अणुकेंद्रांतील सुरक्षेच्या सुमारे १३० प्रश्नांची नोंद करणारा अहवाल सिद्ध केला. तो प्रसिद्ध व्हावा म्हणून नागरी हक्क संघटना आणि मुंबईचे सर्वोदय मंडळ न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने मागणी फेटाळली, आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचा गुप्ततेचा अधिकार मान्य केला.

मला वाटते, या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठे नुकसान हे आहे. त्या १३० प्रश्नांपैकी बहुतेकांची उत्तरे पुढे शोधली गेली असतील. नरोऱ्याच्या आगीनंतर आणि फुकुशिमानंतर आपल्या केंद्रांत सुधारणा झाल्या, बाहेरून पाणी पोहोचविण्याच्या सोयी केल्या गेल्या. पण ज्याने वही पाहिलीच नाही त्याला जमेची बाजूही खरी वाटत नाही. लपविलेल्या सत्याची जागा अफवा घेते, आणि मग रास्त भीती व निराधार भीती यांतील फरक सांगणाऱ्या शास्त्रज्ञावरही कोणी विश्वास ठेवीत नाही. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने १९६२ चा तो कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा यांच्या जागी नवा कायदा संमत केला आणि या क्षेत्राचे दार खाजगी उद्योगांना उघडले. नफा मिळवू पाहणारा नवा भागीदार आल्यावर वही उघडी असण्याची गरज वाढते, कमी होत नाही.

महाराष्ट्राला हा धडा अणूच्याही आधी मिळाला होता. १९२१ मध्ये मुळशी पेट्यातील मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला तो विजेच्या धरणाविरुद्धच. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. जमीन मावळ्यांची जाणार होती. धरण झाले, मुंबई उजळली, त्या विजेने लाखोंना रोजगार मिळाला. सत्याग्रही हरले. पण शंभर वर्षांनंतरही त्यांचा प्रश्न जसाच्या तसा उभा आहे : दिवा कोणाच्या घरी आणि अंधार कोणाच्या?

या प्रश्नाचे उत्तर ‘अणुवीज नको’ असेच आहे, असे मी म्हणणार नाही. तापणारी पृथ्वी आणि कोळशाची राख पाहता तिला स्थान असेल, कदाचित मोठे स्थान असेल. परंतु ते स्थान ज्यांच्या शेजारी भट्टी उभी राहणार त्यांनी हिशेब वाचून, शंका विचारून आणि उत्तरे मिळवून दिलेले असले पाहिजे. त्यासाठी हिशेब वाचता येणारा समाज हवा, आणि तो शाळेतच घडतो. म्हणून शिक्षकबंधुभगिनींना एक लहानशी विनंती. पुढच्या वर्षी निबंधाचा विषय देताना ‘शाप की वरदान’ हे शब्द गाळावेत आणि विद्यार्थ्यांना इतकेच विचारावे : तुझ्या घरातील दिवा ज्या विजेवर जळतो ती कोठून येते, आणि तेथे कोण राहते?